गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर कोणाचे फोटो लावावे? जिवंत नेत्याचा लावावा काय?

दारव्हा_वाचक

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. ग्रामपंचायतनं जुन्या समाजमंदिराची खोली वाचनालयाले दिली, गावातल्या पोट्ट्यांनी मिळून चुना मारला, रॅक आले, पुस्तकं बी जमून रायले. आता समोरची मोठी भिंत रिकामी आहे आन् तिच्यावरून गावात दोन पार्ट्या पडल्या.

एक पार्टी म्हणते का शिवाजी महाराज, फुले, बाबासाहेब, गांधीजी, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, वसंतराव नाईक एवढे लावा आन् मोकळे व्हा. दुसरी म्हणते का ज्या नेत्यानं निधी दिला, छताचे टिनं ज्यानं दिले, त्याचाबी फोटो त्याच लाइनीत पाह्यजे, नाही तर पुढच्या खेपेले निधी भेटत नाही. मले हे पटत नाही, पण मिटिंगमधी मुद्दा मांडता येत नाही, "तुले काय जाते" म्हणतात आन् बसवून टाकतात.

दुसरी गोष्ट. एका फ्लेक्सवाल्यानं स्वस्तात सगळे फोटो करून देतो म्हटलं, नमुना म्हणून गाडगेबाबाचा आणला. मोबाइलमधल्या एआयनं "साफ" केलेला फोटो. बाबाचं अंग गुळगुळीत, चेहरा गोरापान, अंगावरच्या चिंध्यांचे ठिगळं सगळे एका मापाचे जसे शिवणकाम करून लावले, आन् कानात कवडीच्या जागी सोन्याची बाळी! बाबाच्या एका कानात कवडी आन् दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच होती हे आमच्या आजीच्या पिढीले तोंडपाठ आहे. मले तो फोटो पाहून इतकं वाईट वाटलं का बोलता सोय नाही. पण बाकीच्यांले आवडला, "क्लिअर आहे" म्हणतात.

तर विचारायचं हे, का दुसरीकडे, दुसऱ्या देशांत वगैरे, नेत्यांचे फोटो लावायचे काही नियम असतात का? जिवंत माणसाचा लावतात का? आन् हे साफ केलेले फोटो चालवून घ्यावे का? जाणकारांनी सांगा, पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे.

निवृत्त_गुरुजी_अमरावती

तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि ग्रामसभेत बोलायला तुम्हाला भक्कम दाखले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिवंत माणसाचं आधी घेऊ. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात चिल्लर नाण्यांचा तुटवडा पडला तेव्हा सरकारनं सेंटांच्या छोट्या कागदी नोटा काढल्या होत्या. त्या छापायचं खातं ज्याच्याकडे होतं त्या स्पेन्सर क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याचं स्वतःचंच तोंड पाच सेंटच्या नोटेवर आलं. तिथल्या काँग्रेसमधे, म्हणजे संसदेत, गदारोळ झाला आणि १८६६ मधे कायदाच केला की जिवंत माणसाचं चित्र देशाच्या नोटेवर छापायचं नाही. लंडनला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आहे, १८५६ ला स्थापन झालेली, राष्ट्रानं कोणाचे चेहरे जपायचे एवढंच तिचं काम. तिथे शंभराहून जास्त वर्षं नियम होता की माणूस जाऊन दहा वर्षं झाल्याशिवाय त्याचं चित्र घ्यायचं नाही, राजाराणीचा तेवढा अपवाद. १९६९ मधे तो नियम काढला, पण त्यामागचा विचार मला आजही बरोबर वाटतो. माणूस गेल्यावर दहा वर्षांत त्याचे भाट पांगतात, ज्यांना त्याच्याकडून काही मिळवायचं होतं ते दुसरीकडे जातात, आणि मग जे उरतं ते त्याचं काम असतं.

आपल्याकडचं उदाहरण द्या ग्रामसभेत. स्वतंत्र भारतात हयात असताना टपाल तिकिटावर आलेला पहिला भारतीय म्हणजे आपले महर्षी धोंडो केशव कर्वे, १९५८ साल, वयाला शंभर वर्षं पूर्ण झाली म्हणून. त्यानंतर १९६० मधे विश्वेश्वरय्या, त्यांचीही शंभरी. म्हणजे जिवंतपणी असा मान द्यायचा तर केवढं आयुष्य आणि केवढं काम मागे असावं लागतं ते बघा.

आता साफ केलेल्या चित्रांचं. हा रोग फार जुना आहे. नेपोलियननं १८०० मधे आल्प्स पर्वत ओलांडला तो खेचरावर बसून, वाटाड्याच्या मागे मागे, थंडीत कुडकुडत. दाविद नावाच्या चित्रकारानं त्याला दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावर बसवला, अंगरखा वाऱ्यावर उडतोय, हात वर. नेपोलियन चित्रासाठी समोर बसायलासुद्धा तयार नव्हता, चेहरा हुबेहूब असण्याची गरजच नाही, थोरपण दिसलं म्हणजे झालं असं त्याचं मत. खेचरावरचा खरा नेपोलियन दलारोश नावाच्या चित्रकारानं पुढे पन्नासेक वर्षांनी रंगवला, तेव्हा नेपोलियन मरून बराच काळ झाला होता. पण जगाला माहीत आहे तो घोड्यावरचाच.

आणि उलट उदाहरण चर्चिलचं. १९५४ मधे त्याच्या ८० व्या वाढदिवसाला ब्रिटिश पार्लमेंटनं ग्रॅहम सदरलंडकडून त्याचं चित्र काढून भेट दिलं. सदरलंडनं म्हातारा, थकलेला, खुर्चीत रुतलेला माणूस जसा दिसला तसा काढला. चर्चिलला ते अजिबात आवडलं नाही, आणि नंतर त्याच्या बायकोनं ते चित्र नष्ट करवलं. जिवंत नेता भिंतीवर आला की तो स्वतः, त्याची माणसं, सगळे त्या चित्रावर हक्क सांगतात. तुमच्या वाचनालयात हेच होईल, आज फोटो लावाल, उद्या त्यानं पक्ष बदलला की अर्धं गाव तो काढायला येईल.

माझी सूचना एकच. प्रत्येक फोटोखाली जन्म-मृत्यूचं साल आणि त्या माणसानं केलं काय हे दोन ओळीत लिहा. आमच्या अमरावतीकडे कितीतरी शाळांत डॉ. पंजाबराव देशमुखांचा फोटो आहे, २७ डिसेंबरला हार पडतो, पण मी वर्गात विचारायचो तेव्हा मुलं "भाऊसाहेब" एवढंच सांगायची. पापळ गावच्या शेतकऱ्याचा पोरगा विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाला, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यात उतरला, शिवाजी शिक्षण संस्था काढली, १९५२ ते १९६२ देशाचा कृषिमंत्री होता, हे फोटोत कुठे दिसतं? कोट आणि चष्मा दिसतो फक्त.

पेंटर_पुसदवाला

गुरुजी, लय चांगलं लिहिलं. मी पेंटर हावो, बोर्ड आन् फोटो दोन्ही करतो, आता फ्लेक्सनं बोर्डाचं काम गेलं पण शाळेचे अन् पुतळ्याच्या चबुतऱ्याचे फोटो अजून येतात.

गाडगेबाबाचं वाचून मले राहवलं नाई म्हून लिहून रायलो. गिऱ्हाईक आलं का पयला शब्द काय म्हणते माहीत हाय? "जरा गोरा करा." कोणाचाबी फोटो असो. गाडगेबाबा गोरा, तुकडोजी महाराज गोरे, बिरसा मुंडा गोरा. आता बिरसाचे तर खरे फोटो हायेत, इंग्रजाईनं पकडल्यावर काढलेले, डोक्याले पागोटं, उघडं अंग, त्याचा रंग त्याच्यात दिसते. तो आपल्या लेकराईसारखा दिसते म्हून तर तो आपला वाटते ना! मी सांगतो का अंगाचा रंग बदलवून मागत असाल तर दुसऱ्याकडून करून घ्या. कामं जातात अशानं, जाऊ द्या.

वसंतराव नाईक साहेबाचं सांगतो. आमच्या पुसदचा माणूस, गहुलीचा, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री, एवढ्या दिवस एका दमात महाराष्ट्रात कोणीच राह्यला नाई. त्याईच्या हातात पाइप असे, जुन्या फोटोत दिसते तो. १ जुलैले कृषी दिन असते, शाळावाले येतात आन् म्हणतात पाइप काढून टाका, लेकराईवर संस्कार वाईट होतात. बरं, पाइप काढला तं हात तसाच हवेत राह्यते, मंग त्या हातात काय द्यावं? कोणी म्हणते ज्वारीचं कणीस द्या, कोणी म्हणते फाइल द्या. असं करत करत माणूसच दुसरा होऊन जाते. मले वाटते ज्या फोटोत पाइप नाई असा खरा फोटो शोधा, पण काढलेल्या फोटोतून वस्तू पुसू नका.

फोटो काढतानी कोरा कागद चौकटी मारून घेतो आमी, मूळ फोटोवर बी तेवढ्याच चौकटी, आन् एकेक घर पाहून उतरवतो. ह्याच्यात कसं होते, का दोन भुवयांमधली आठी, ओठाचा एक कोपरा खाली, गालावरचा व्रण, सगळं हाताखालून जाते, माणूस कळत जाते. मोबाइल पयले तेच काढून फेकते, त्याले तो कचरा वाटते.

नागवंशी_वर्धा

मी एक बाई म्हणून आणि बौद्ध घरातली म्हणून वेगळं सांगते. वर सगळे राष्ट्र, सरकार, गॅलरी असं बोलून राहिले. आमच्याकडे फोटो वरून आलाच नाही, खालून आला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आमचे आजोबा पायी आणि मिळेल त्या गाडीने गेले होते. घरातले जुने देव विसर्जित केले. आणि दोन महिने नाही होत तो ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्या रिकाम्या कोनाड्यात बुद्धाची तसबीर आली आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. कोणत्या खात्याचा आदेश नव्हता, कोणी पैसे दिले नव्हते. मजुरीतून वाचवून आणलेला फोटो. गावोगावी पुतळे उभे राहिले ते वस्तीच्या वर्गणीतून.

आता दिल्लीचं बघा. संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा १९६७ मधे आला, शिल्पकार ब्रह्मेश वाघ. आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमधे जिथे गांधीजींचं, टिळकांचं तैलचित्र कधीचं लागलेलं होतं, तिथे ज्या माणसानं संविधानाच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं त्यांचं तैलचित्र लागलं एप्रिल १९९० मधे. भारतरत्नही त्याच वर्षी. म्हणजे देशाला आठवायला चौतीस वर्षं लागली आणि आमच्या आजीला चौतीस दिवस पण नाही लागले. म्हणून मला दहा वर्षं थांबण्याचा नियम ऐकून थोडं टोचलं गुरुजी. ज्यांच्याजवळ सत्ता आहे त्यांच्यासाठी तो नियम ठीक आहे. ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांनी आपल्या माणसाचा फोटो लगेच लावला म्हणून तर तो टिकला.

निळा कोट, छातीच्या खिशाला पेन, हातात पुस्तक, एक बोट वर. लोक म्हणतात सगळे पुतळे एकसारखे का. कारण ज्या माणसाला शाळेत वर्गाबाहेर बसवलं, पाण्याला हात लावू दिला नाही, त्याचा सूट आणि पुस्तक बघायचं होतं आमच्या लोकांना. त्या कोटातला एक धागा पण आमच्यासाठी फालतू नाही.

आणि दारव्हा भाऊ, तुमच्या यादीत एक पण बाई नाही! सावित्रीबाई कुठे आहे? रमाई कुठे आहे? विदर्भातलीच बाई पाहिजे असेल तर अनसूयाबाई काळे लावा, १९३७ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेत उपसभापती होत्या, नंतर १९५२ ला नागपूरहून लोकसभेत गेल्या. जाईबाई चौधरी लावा, ज्यांनी नागपूरला चोखामेळा मुलींची शाळा काढली. वाचनालयात मुली येतील ना, की नुसती पोरंच येणार आहेत?

निवृत्त_गुरुजी_अमरावती

ताई, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं. राज्यकर्त्यांनी लावलेलं चित्र आणि लोकांनी स्वतःच्या घासातून लावलेलं चित्र यांना एकच नियम लावता येत नाही. ग्रामपंचायतीची भिंत ही सत्तेची भिंत आहे, म्हणून तिथे जिवंत पुढारी नको एवढंच माझं म्हणणं राहील.

सेवाग्राम_रोड

गांधीजींचा विषय निघाला म्हणून. लोकांना वाटतं नोटेवर गांधीजी पहिल्यापासूनच होते. तसं नाहीये. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नोटेवर सहावा जॉर्ज होता. त्याच्या जागी गांधीजी घ्यायचे असं आधी ठरत होतं, डिझाइनपण तयार झाले होते, पण शेवटी सारनाथच्या सिंहांवर एकमत झालं आणि १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर ते आले. गांधीजी पहिल्यांदा आले १९६९ ला, जन्मशताब्दीला, आणि त्या नोटेवर ते बसलेले आहेत आणि मागे काय आहे, तर आपला सेवाग्राम आश्रम! वर्धा जिल्ह्यातलं मातीचं, कवेलूचं घर देशाच्या नोटेवर. मग १९८७ ला पाचशेच्या नोटेवर, आणि १९९६ पासून निघालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नव्या नोटांवर आत्ता जो हसरा चेहरा आहे तो.

मला कायम असं वाटत आलं की त्या १९६९ च्या नोटेत माणूस आणि त्याची जागा दोन्ही होतं. आताच्यात नुसता चेहरा आहे आणि तो एवढ्या वेळा हातातून जातो की कोणी बघतच नाही. रोज बघून बघून फोटो दिसेनासा होतो हीच खरी अडचण आहे. चीनमधे तिआनमेन चौकातला माओचा प्रचंड फोटो दरवर्षी १ ऑक्टोबरच्या आधी नवीन रंगवून लावतात, चेहरा तोच, म्हातारा होत नाही, मळत नाही. अशा फोटोला प्रश्न विचारता येत नाही. आणि युक्रेनचा झेलेन्स्की २०१९ ला अध्यक्ष झाला तेव्हा पहिल्याच भाषणात म्हणाला की माझे फोटो ऑफिसात लावू नका, तुमच्या पोरांचे फोटो लावा आणि प्रत्येक निर्णय घेताना त्यांच्याकडे बघा. मला ते फार आवडलं होतं.

जिवंत नेत्याच्या फोटोबद्दल आपल्या सुप्रीम कोर्टात पण गेलं होतं प्रकरण, सरकारी जाहिरातींचं. २०१५ मधे कोर्टानं म्हटलं की फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो चालतील, कारण सरकारी पैशातून माणसाची आरती होऊ नये. राज्य सरकारं परत कोर्टात गेली आणि २०१६ मधे मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांना पण मोकळीक मिळाली. ते जाहिरातींपुरतं आहे, वाचनालयाला लागू नाही, पण मुद्दा मांडायला कामाचं आहे.

माझी आयडिया अशी की सगळे फोटो एकदम लावूच नका. चार-पाच जागा ठेवा, दर दोन महिन्यांनी बदला, त्या माणसाची पुस्तकं त्याच्या खाली ठेवा. तुकडोजी महाराजांचा फोटो आणि खाली ग्रामगीता. म्हणजे फोटो बघून हात पुस्तकाकडे जाईल.

दारव्हा_वाचक

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहीन असं वाटलं नव्हतं. ताई, तुमचं बरोबर आहे, यादी करतानी सगळे माणसंच बसले होते, बाई एकबी नव्हती मिटिंगले. सावित्रीबाई, रमाई आन् अनसूयाबाई तिघी येतीन. जाईबाईंचा फोटो कुठी भेटते ते तुमीच पाहून द्या.

निधीवाल्याचं असं सुचलं का त्याचं नाव दाराजवळच्या कोनशिलेवर टाकायचं, रकमेसकट, कोणत्या साली काय दिलं ते सगळं. त्याच्यात त्याचाबी मान राह्यते. फोटोच्या भिंतीवर मात्र नाही.

फोटो बदलत ठेवायचं मले पटलं पण गावात अवघड जाईन, कोणाचा आधी काढला यावरून भांडण होते. बाबासाहेबांचा फोटो दोन महिन्यांनी उतरवला असं कोणी बोललं तं गावात काय होईन? फोटो तेच राहू द्या, पुस्तकं बदलवत ठेवतो खालचे.

चांदा_ते_बांदा

उशिरा आलो चर्चेत. चंद्रपूरकडून एक नाव घ्या, बाबुराव शेडमाके. १८५८ मधे गोंड लोकांना घेऊन इंग्रजाविरुद्ध उठले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या जेलमधे फाशी दिली त्यांना, वय पंचवीस. त्यांचे जे फोटो म्हणून फिरतात ते पुढे चित्रकारांनी काढलेले आहेत. पेंटरभाऊ खऱ्या फोटोचा आग्रह धरून राहिले तो बरोबर आहे, पण ज्याच्या समोर कोणी कॅमेरा धरलाच नाही, ज्याला दरबारी चित्रकार भेटला नाही, त्यानं भिंतीवर यायचंच नाही का? मग तर ज्यांच्याजवळ पैसा होता तेच आठवणीत राहतील.

शिवाजी महाराजांचंच घ्या. कितीतरी वर्षं दुसऱ्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डचांच्या जुन्या संग्रहातलं चित्र शोधून लोकांसमोर आणलं तेव्हा खरा चेहरा कळला. महाराजांच्या बाबतीत निदान शोधायला काही होतं. शेडमाकेंच्या बाबतीत कोणी जपलंच नाही.

म्हणून असं करा, चित्र लावा पण खाली स्पष्ट लिहा, "चित्रकाराच्या कल्पनेतून". आणि चित्रात गोंड माणूस गोंड दिसला पाहिजे, टीव्हीवरच्या मालिकेतला राजा नको.

पेंटर_पुसदवाला

चांदावाले भाऊ, मनातलं बोलले. शेडमाकेचं चित्र मी काढतो, रंगाचे तेवढे पैसे द्या, मजुरी नाई घेत. पण समोर कोणी बसलं पाह्यजे. तिकडच्याच एखाद्या पंचविशीतल्या पोराचे चार-पाच फोटो पाठवा, उन्हातले, समोरून आन् बाजूनं, त्याले विचारून घ्या पयले. गालाचं हाड, नाक, केसाची ठेवण, मनानं काढाले गेलो तं पिच्चरमधला हिरो उतरते.

दारव्हावाले भाऊ, भिंतीवर डायरेक्ट रंगवू नका. समाजमंदिराची जुनी भिंत हाय, पावसाळ्यात ओल धरन आन् दोन वर्षात पोपडे निघतीन. प्लायवर करू, मागून प्रायमरचे दोन हात, भिंतीपासून बोटभर पुढं लटकवाचं म्हंजे हवा खेळते. खिडकीच्या समोर तांबडा रंग लवकर उडते, म्हून तुकडोजी महाराजाचं भगवं पागोटं सावलीच्या बाजूनं घ्या. खालच्या दोन ओळी मी बरूच्या अक्षरानं लिहून देतो, तुमी फक्त मजकूर गुरुजीकडून तपासून घ्या, साल चुकलं तं सारं पाणी.

आन् गाडगेबाबाचा जुना, कृष्णधवल फोटो पाठवा मले, कवडी दिसते तो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हून पाठवा, नाई तं मोठा केला का फाटते.